तीन दिवसांचा समुद्र

ह्यूस्टनहून कँकूनला विमानाने अडीच तासांच्या आत पोचता येतं. संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरहून श्रीवर्धनला स्वतःच्या गाडीने नऊ-दहा तास लागतात, आणि बसने गेलं तर पुण्यात बस बदलण्याचा वेळ धरून त्याहून जास्त. पुंडलिकनगर, गारखेडा, सिडको या पट्ट्यात आता अशी घरं बरीच आहेत की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी टेक्सासात आहे. इथलं इंजिनिअरिंग कॉलेज, मग पुण्यातली नोकरी, मग तिकडे. तिकडचे हे लोक तीन दिवसांची सुट्टी जोडून आली की मेक्सिकोचा समुद्र गाठतात. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टवाल्याला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, हेही पथ्यावर पडतं. निळ्या पाण्याचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो आणि त्याखाली कुणीतरी लिहितं, ‘आपण पण जाऊ या ना एकदा, कोकणात तरी.’ मग गजानन महाराज मंदिराच्या आसपासच्या कुठल्याशा गल्लीत, दिवाणखान्यात बसून, तीन दिवसांच्या समुद्राचा बेत सुरू होतो. तो कधीकधी दोन-दोन वर्षं चालतो.

या बेताकडे मी गंमत म्हणून पाहत नाही. आपल्याकडे विश्रांती कुणाला, किती आणि कशाच्या नावाखाली मिळते हे एखाद्या अहवालापेक्षा या बेतातून लवकर कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण थोडक्या सुट्टीत समुद्राकडे जातो तेव्हा समुद्रावर थांबत नाही, फिरत राहतो. आणि हा दोष आपल्या हौसेचा नाही. आपल्याला फिरवणारी एक पक्की व्यवस्था आहे.

आधी घरातल्या अडचणी. समुद्राच्या बेतात पुंडलिकनगरात पहिला खोडा घालतं ते पाणीच. शहराला पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि १९७६ मध्ये पुरं झालेलं जायकवाडी धरण शहरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, तिथून पाणी उपसून चढवत आणावं लागतं. गेली कित्येक वर्षं वसाहतींना ते रोज मिळत नाही. कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. २०२० च्या डिसेंबरात नव्या योजनेचं भूमिपूजन झालं तेव्हा ती १६८० कोटींची होती, पुढे तिचा खर्च २७४० कोटींवर गेला. पुंडलिकनगरात स्वतःचा जलकुंभ आहे. पण जलकुंभ जवळ असला म्हणून पाळी जवळ येत नाही. तेव्हा चार दिवस घर बंद ठेवायचं तर आधी विचारायचं, नळ कधी येणार? पाळी नेमकी त्याच दिवसांत आली तर हौद आणि वरची टाकी भरणार कोण? शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यायची, मोटारीचं बटण दाखवून ठेवायचं, किंवा घरातल्या एका माणसाने मागे राहायचं. मागे राहणारं माणूस बहुधा आजी असते, आणि ‘मला काय करायचंय समुद्र बघून’ हे तिचं वाक्य सगळे खरं मानतात, कारण ते सोयीचं असतं.

दुसरी अडचण सुट्टीची. ती पाण्यापेक्षा जुनी आहे. आठवड्याचा एक दिवस तरी आपला असावा यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही एक दाखला त्या मागणीला होता. म्हणजे मराठी कामकऱ्याच्या पहिल्या हक्काच्या सुट्टीलाही देवाचा आधार लागला. हा धागा पुढे लागणार आहे.

लोखंड्यांच्या त्या रविवारात अजून फार भर पडलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने घालून दिलेला हिशेब असा : वर्षात २४० दिवस काम भरलं, तर दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. म्हणजे २४० दिवसांचे बारा. २०२० च्या श्रमसंहितेने २४० ची अट १८० वर आणली, विसाला एक हे माप तसंच ठेवलं. या बारा दिवसांत लग्नं, आजारपणं, गावाकडची जत्रा, शेताची वाटणी, मुलाच्या प्रवेशाची धावपळ सगळं बसवायचं असतं. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे कार्यालयातल्या कारकुनाला शनिवार-रविवारला सोमवार जोडून तीन दिवस करता येतात. पण त्याच गल्लीतल्या वाळूजच्या कामगाराला शनिवार सुट्टीचा नाही आणि शाळामास्तरांना दिवाळी आणि मे याखेरीज हलता येत नाही. दोन भाऊ एका घरात राहत असले तरी त्यांच्या सुट्ट्या एका दिवशी येत नाहीत. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्यानंतर या वस्त्यांमधली घरं उभी राहिली आणि भोंग्याच्या वेळा घरात शिरल्या. समुद्र किती लांब, हे इथे किलोमीटरने सांगण्यात अर्थ नाही. तो बारा दिवसांपैकी तीन दिवसांवर आहे.

एवढं सगळं जुळून आल्यावर जे घडतं ते मला जास्त खटकतं. तीन दिवस मिळाले की त्या तीन दिवसांत काय काय ‘होईल’ याची यादी निघते. शुक्रवारी रात्री निघायचं. पहाटे पुणे, ताम्हिणीतून माणगाव, दुपारपर्यंत दिवेआगर. संध्याकाळी श्रीवर्धन. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घालून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि वेश्वीला उतरायचं, जमलं तर बाणकोटचा किल्ला, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड. तिसऱ्या दिवशी दापोलीवरून महाड, ‘वाटेत रायगड करून टाकू’, आणि रात्री बाराला घरी. या बेतात समुद्र सतत दिसतो, पण गाडीच्या काचेतून. पाय भिजतात ते एकदा, फार तर दोनदा, आणि तेही ड्रायव्हर हॉर्न वाजवेपर्यंत.

असं का होतं? लोकांना थांबणं कळत नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मराठवाड्यातला माणूस उन्हाळ्याच्या दुपारी निंबाच्या सावलीत जितका छान थांबतो तितका क्वचित कुणी थांबत असेल. थांबायला त्याची ना नसते, पण थांबण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. चालण्याचे मात्र सगळे देतात. बघा ना. बाहेरगावी नेणारी भाड्याची गाडी ठरवली की ती किलोमीटरवर असते, आणि रोजचे किमान तीनशे किलोमीटर धरले जातात. गाडी दिवेआगरला पोफळीच्या सावलीत दिवसभर उभी राहिली तरी तीनशेचे पैसे द्यायचे, वर ड्रायव्हरचा भत्ता. मग घरातला हिशेबी माणूस म्हणणारच, ‘पैसे देतोयच तर हरिहरेश्वर तरी करून येऊ.’ त्याची चूक काय? एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना चांगलीच आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हवं तेवढं फिरायचं. पण चार दिवसांचा पास खिशात असताना दोन दिवस एकाच गावात बसलं की पास फुकट गेल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यात गमतीचं सरकारचं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला चार वर्षांतून एकदा ‘महाराष्ट्र दर्शना’साठी रजा प्रवास सवलत मिळते. तिच्यात परतावा मिळतो तो भाड्याचा. कुठे राहिलात, किती दिवस राहिलात, काय खाल्लंत, याचा त्यात संबंध नाही. सवलतीचं नावच दर्शन आहे, तेव्हा कर्मचारी दर्शन घेतो आणि पुढच्या ठिकाणी जातो. तिकिटं जपून ठेवतो.

दर्शनावरून देवाकडे. आपल्या किनाऱ्यांची नावं घ्या : गणपतीपुळे, हरिहरेश्वर, वेळणेश्वर, कुणकेश्वर. पर्यटन महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं आणि त्याची निवासस्थानं यांतल्याच ठिकाणी उभी राहिली. पुंडलिकनगरात कुणी ‘समुद्रावर चाललोय’ असं शेजाऱ्यांना सांगत नाही. ‘गणपतीपुळ्याला चाललोय’ असं सांगतात. त्यात चैन नसते, त्यात पुण्य असतं. आजी यायला तयार होते, सासरे पैसे काढतात. दिवेआगरला १९९७ मध्ये एका बागेत खोदताना सोन्याचा गणपती सापडला आणि त्या शांत गावाकडे गाड्यांची रांग लागली. २०१२ मध्ये तो मुखवटा चोरीला गेला तेव्हा गावात राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या घरांनाही त्याचा फटका बसला. समुद्र काही चोरीला गेला नव्हता. चार-साडेचार किलोमीटरची पुळण जिथल्या तिथे होती. पण देव नसेल तर समुद्राला जायचं कारण काय, हा प्रश्न आपल्या मनात खोल बसलेला आहे. लोखंड्यांच्या रविवारालाही खंडोबा लागला होता. आपल्या शनिवार-रविवारला गणपती लागतो. नुसतं बसायचं, नुसतं पडून राहायचं, काही न करता पाण्याकडे बघायचं, याला अजून आपल्या घरात मान्यता नाही. तसं करणारा माणूस आजारी तरी असतो नाही तर आळशी.

याच्या उलट टोकाला कँकून आहे. तिथे माणसाने काहीही ठरवावं लागू नये अशी व्यवस्था केलेली आहे. ती गोष्ट मोठी रंजक आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या लोकांनी परकीय चलन मिळवायला समुद्रकिनारी नवी शहरं वसवायची असं ठरवलं आणि ऊन, पाऊस, वादळं, विमानाचं अंतर यांचा हिशेब करून जागा शोधल्या. कँकून तेव्हा जवळपास निर्मनुष्य होतं. १९७४ मध्ये तिथली पहिली हॉटेलं उघडली. एका बाजूला कॅरिबियन समुद्र आणि दुसऱ्या बाजूला निचुप्ते खाजण, मधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवर हॉटेलंच हॉटेलं. आणि त्या हॉटेलांत राबणाऱ्यांचं गाव आत मुख्य भूमीवर, वेगळं. आलेल्या पाहुण्याच्या मनगटात पट्टी बांधली की राहणं, खाणं, पिणं सगळं त्यात आलं. पाकीट काढायचं नाही, काय जेवायचं ते विचारायचं नाही, कुठे जायचं ते ठरवायचं नाही. तीन दिवसांची सुट्टी असणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? ह्यूस्टनमधल्या आपल्या पोरांना ते आवडतं याचं मला नवल वाटत नाही. त्यांनाही वर्षाला मोजकेच दिवस मिळतात. अमेरिकेत खासगी नोकरदाराला पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा केंद्राचा कायदा नाही.

पण त्या सोयीची किंमत त्या जागेने मोजली आहे. मेक्सिकोच्या कायद्याने किनारे सार्वजनिक आहेत. तरी हॉटेलांच्या भिंतीमधून वाळूपर्यंत जाण्याची वाट सामान्य माणसाला शोधावी लागते. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा नावाच्या चक्रीवादळाने कँकूनची वाळू धुऊन नेली, तेव्हा समुद्रतळाची वाळू उपसून किनारा पुन्हा भरला गेला. ती पुन्हा वाहून गेल्यावर पुन्हा भरला गेला. वाळू गेली तर शहर कशासाठी, असा तो प्रश्न होता. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आलं. वाळू राहिली, वाड्या गेल्या. नारळ आडवे झाले, पोफळी मोडल्या, आणि नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. ज्यांच्या अंगणात पुंडलिकनगरचे पाहुणे उतरतात त्यांचं मुख्य उत्पन्न ती वाडी होती. पाहुणे ही जोडकमाई होती, वादळानंतर काही वर्षं तीच मोठी झाली.

त्यामुळे ‘कोकणचं कॅलिफोर्निया करू’, नाही तर आता ‘कँकून करू’, या छापाच्या घोषणा ऐकल्या की मला भीती वाटते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी तिथे अजून माणसांची घरं समुद्राच्या जवळ आहेत आणि पाहुणा त्या घरात राहू शकतो. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरांत बांधकाम नको असं कळवलं होतं. १९९१ मध्ये त्याचा नियम झाला. २०११ आणि २०१९ मध्ये तो सैल होत गेला. तो आणखी सैल झाला तर थांबण्याची सोय वाढेल, पण थांबण्याची जागा उरणार नाही.

मग तीन दिवसांत करायचं काय? माझ्या मते एक गाव. एकच. आणि ते गाव ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय नीट बघायचं. आपण त्यात फक्त लाल तारखा बघतो. कोकणातला माणूस तिथी बघतो, कारण समुद्राला लाल तारीख कळत नाही, तिथी कळते. त्यांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. दुपारी तीनच्या आसपास भरती आणि रात्री नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराला भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात मागे गेलेलं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

आता हे पुंडलिकनगरच्या बेताला लावून बघा. गणपतीपुळ्याला जायचं तर लोक हौसेने संकष्टी, त्यातून अंगारकी धरतात. गर्दी असतेच. त्यात चतुर्थीला तीन वाजता भरती पूर्ण होते आणि नंतर पाणी उतरायला लागतं. दर्शनाच्या रांगेतून सुटलेली माणसं चार-पाच वाजता, नेमक्या उतरत्या पाण्यात, पाय घालतात. गणपतीपुळ्याची पुळण खोल उतरते हे स्थानिक माणूस कानीकपाळी ओरडून सांगतो, आणि तरीही तिथे माणसं बुडतात. जिथे नदी सोडून दुसरं मोठं पाणी पाहिलेलं नाही तिथल्या माणसाला वाटतं की पाणी पुढे येतं तेव्हा भ्यावं. समुद्रात पाणी मागे जातं तेव्हा भ्यायचं असतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. दोन्ही अपघातांची कारणं वेगवेगळी, पण थोड्या वेळात सगळं उरकायचं असलं की पाणी कसं आहे ते कुणाला विचारायचं राहून जातं. दोन दिवस एकाच किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. पहिल्या संध्याकाळी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्याने पाहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ते पाऊण तास उशिरा येतं, हेही त्याला उमगतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटीच धरावी लागते. घाई असलेला माणूस भरतीला पोचतो आणि काठावरून फोटो काढून परत फिरतो.

एका गावात राहण्याचा दुसरा फायदा फोनवर सुरू होतो. ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी असलेल्या घरी फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘किती माणसं? पोरं किती? मासे खाता की शाकाहारी?’ मग ‘उपास कुणाचा आहे का’, ‘मोदक करू का’, ‘कुठून येताय, संभाजीनगर? बापरे, मग जेवायला उशीर होईल तुम्हाला, भात ठेवते.’ मनगटातल्या पट्टीला हे प्रश्न पडत नाहीत. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि त्यातून गावातल्या घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. पण पिल्लं निघतील की नाही याची खात्री कुणी देत नाही. सकाळी निघाली नाहीत तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. संध्याकाळी निघाली नाहीत तर मुक्काम वाढवावा लागतो. ‘करून टाकू’ म्हणणाऱ्या माणसाचं तिथे काही चालत नाही, म्हणून मला वेळास आवडतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ज्या घराला चार-पाच वर्षांतून एकदा समुद्र दिसणार, त्याने एकाच गावात बसून राहावं, हा सल्ला पोट भरलेल्याचा आहे. परत कधी येणं होईल सांगता येत नाही, तर जेवढं दिसेल तेवढं बघून घ्यावं. ताटात पुन्हा वाढणार नाहीत असं वाटलं की माणूस सगळं एकदम वाढून घेतो, तसं ते आहे. त्याला खादाडपणा म्हणू नये. मी म्हणत नाही. पण मग उत्तर यादी लांबवण्यात नाही, पुन्हा येण्याची खात्री देण्यात आहे. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी सुट्टीचा कायदा झाला आणि त्याबरोबर रेल्वेची सवलतीची तिकिटं आली. त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. दोन आठवडे आणि तेही दरवर्षी, असं असल्यामुळे त्यांना एका गावी तंबू ठोकून राहणं परवडलं. तिकडे तिकीट सुट्टीमागून आलं. आपल्याकडे तिकिटाची सवलत आली, सुट्टी आलीच नाही.

विश्रांतीचा हिशेब घरातल्या बाईचा वेगळा करावा लागतो. निघण्याच्या आदल्या रात्री धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा तिनेच बांधायचा. गाडीत पोरांच्या ओकाऱ्या तिनेच सावरायच्या. रोज नवं गाव म्हणजे रोज बॅगा उघडायच्या, रोज भरायच्या, ओले कपडे वेगळे बांधायचे. हे काम पाच ठिकाणांच्या बेतात पाच वेळा होतं आणि ते यादीत कुठेच लिहिलेलं नसतं. एका घरी दोन रात्री राहिलं तर बॅग एकदाच उघडते आणि कपडे दोरीवर वाळतात. जेवण दुसऱ्या कुणाच्या हातचं मिळतं. तांदळाची भाकरी, सोलकढी, वालाची उसळ. तिच्या विश्रांतीसाठी दुसरी एक बाई चुलीपाशी उभी असते हे खरंच आहे, पण त्या दुसरीला त्याचे पैसे मिळतात, आणि दोघींचं रात्री ओटीवर बसून बोलणं होतं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. या सवलतीने पुंडलिकनगरच्या बायका माहेरी, तुळजापूरला, शेगावला जास्त वेळा जाऊ लागल्या असतील. चार बायका मिळून एसटीने कोकणात दोन रात्री राहायला निघाल्या, हे मात्र मी अजून ऐकलेलं नाही. ऐकायला आवडेल.

आणि पाणी. कोकणात पाऊस आपल्या चौपट-पाचपट पडतो, तरी मे महिन्यात तिथल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो, कारण पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपून थेट खाडीला मिळतं. नेमक्या त्याच महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि आपलीही शाळांची सुट्टी तेव्हाच पडते. खाऱ्या पाण्यातून आलेल्या दहा माणसांनी विहिरीच्या गोड्या पाण्याने अंघोळी केल्या की विहिरीचा तळ दिसतो. आठव्या दिवसाच्या नळावर वाढलेल्या घराइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार? जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. गणपतीत घरमालक स्वतःच पाहुण्यांत बुडालेले. डिसेंबरचा शेवटचा आठवडा पुण्या-मुंबईच्या गाड्यांचा. म्हणजे उरतात दिवाळीनंतरचे दिवस आणि जानेवारी ते मार्च. तेव्हा शाळा चालू असतात. एखाद्या सोमवारी मुलाची शाळा बुडवायला पुंडलिकनगरचा पालक सहसा तयार होत नाही. मला वाटतं त्याने व्हावं.

रेल्वेवर मी फार भरवसा ठेवत नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण आपल्याला मनमाडवरून कल्याण-ठाणे गाठून तिथे गाडी बदलावी लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं; दोन्ही गाड्यांची तिकिटं एका दिवशी मिळाली तर बेत, नाही तर पुढच्या महिन्यावर. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबई जवळ आली, हे खरं. श्रीवर्धनला जाणाऱ्याला त्याचा उपयोग कमीच. त्याला पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि त्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललेलं आहे.

राहते एसटी. १९४८ पासून खेडोपाडी पोचलेली हीच एक संस्था या बेताला खरा हात देऊ शकते, आणि त्यासाठी नवं काही बांधावं लागणार नाही. नोव्हेंबर ते मार्च, दर शुक्रवारी रात्री सिडको बसस्थानकावरून दिवेआगर-श्रीवर्धनला एक झोपायची बस; तीच बस रविवारी संध्याकाळी परत. तिकिटाबरोबर तिथल्या घरगुती निवासांपैकी एकाची दोन दिवसांची चिठ्ठी. सरकारने महाराष्ट्र दर्शनाच्या सवलतीत भाड्याइतकाच मुक्कामाचा खर्च धरावा, एका गावात दोन रात्रींच्या वर राहिल्याशिवाय तो देऊ नये. कंत्राटी कामगाराला यातलं काही मिळणार नाही. त्याचे २४० दिवस भरू नयेत म्हणून त्याची नेमणूक मध्येच तोडणारे ठेकेदार या शहरात आहेत आणि त्याला रजा प्रवास सवलत हा शब्दही लागू होत नाही. निदान त्याचा शनिवार सुटला आणि रविवार लोखंड्यांच्या कृपेने आहेच, तर त्याला हे जमेल. मात्र बसने वेळ पाळली पाहिजे. रविवारी संध्याकाळी साडेपाचला श्रीवर्धनहून निघालेली बस सोमवारी पहाटे साडेपाचच्या आत सिडकोला आली, तरच त्याला सातच्या पाळीला वाळूजचं गेट गाठता येईल.